थंडीची बेगमी आणि दमट हवा : अड्यारच्या घरगुती धान्यसाठ्यावरून काही निरीक्षणे

महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबात दिवाळीच्या सुमारास जी बेगमी होते, तिला नव्या पिकाइतकाच पुढील तीन महिन्यांच्या हवेचाही आधार असतो. बाजरी, हुलगे, उडीद, तीळ, शेंगदाणे, गूळ, खारीक, खोबरे, डिंक, मेथी हे जिन्नस थंडीच्या आहारात उष्ण मानले जातात व ते एकदम भरून ठेवण्याची रीत आहे. देशावर ही रीत पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध चालत आली, कारण कार्तिकापासून माघापर्यंतची थंड व कोरडी हवा स्वतःच धान्याची राखण करते. नोकरीव्यवसायानिमित्त चेन्नईला गेलेले कुटुंब गावाकडून पोती आणते, डबे आणते, आजीने सांगितलेले प्रमाणही आणते. हवा मात्र आणता येत नाही.

अड्यार हा चेन्नईच्या दक्षिण भागातील, अड्यार नदीच्या मुखाजवळ बंगालच्या उपसागरालगत वसलेला परिसर. येथील मराठी घरांत डिसेंबरच्या मध्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते : ज्वारीला सोंडे लागले, मुगाला भोके पडली, रव्यात जाळी झाली. दोष बहुधा दुकानदाराला किंवा धान्य पाठविणाऱ्या गावाकडच्या भावाला दिला जातो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने पाहता खरे कारण त्या दोघांच्याही हातात नसते. परंतु उपाय मात्र बराचसा पाठविणाऱ्याच्या हातात असतो. म्हणूनच हा विषय शहरी स्वयंपाकघराचा समजून विस्तार कार्यकर्त्यांनी बाजूस सारू नये. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि वैयक्तिक शेतकरी आज ज्वारी, बाजरी, कडधान्ये थेट ग्राहकाच्या दारी पोहोचवू लागले आहेत. त्यांतला ग्राहक किनारपट्टीवर राहत असेल, तर सोलापूरला सहा महिने टिकणारे धान्य त्याच्याकडे सहा आठवडेही टिकेल याची खात्री देता येत नाही.

दोन ठिकाणची हवा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १०-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, निफाडसारख्या ठिकाणी त्याहूनही खाली जाते. दुपारची सापेक्ष आर्द्रता ३०-४० टक्क्यांच्या आसपास असते. चेन्नईत याच काळात किमान तापमान सहसा २० अंशांच्या खाली जात नाही. त्यातही नोव्हेंबर हा तेथील ऐन पावसाचा महिना. शहरातील सुमारे १४०० मि.मी. वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो आणि हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते.

धान्याचा दाणा हा जलाकर्षक पदार्थ आहे. भोवतालच्या हवेशी त्याची ओलाव्याची देवाणघेवाण सतत चालू असते आणि काही दिवसांनी दोहोंत समतोल साधला जातो. ज्वारी, गहू यांसारखी तृणधान्ये २५-३० अंश तापमानात ४० टक्के आर्द्रतेच्या हवेत राहिली, तर दाण्यातील ओलावा ९-१० टक्क्यांवर स्थिरावतो. ७० टक्के आर्द्रतेत तो साडेतेरा-चौदा टक्क्यांवर जातो आणि ८० टक्क्यांत साडेपंधरा-सोळापर्यंत चढतो. याचा व्यवहारी अर्थ असा की, मोहोळच्या अंगणात खणखणीत वाळलेली मालदांडी अड्यारच्या स्वयंपाकघरात गोणपाटात उघडी ठेवली, तर थेंबभर पाणी न लागताही ती काही आठवड्यांत ओली होते. वाळवण घरापर्यंत पोहोचते. पुढे ते टिकवायचे, तर दाणा आणि हवा यांच्यामध्ये भिंत उभी करावी लागते.

येथे कोकणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कोकणातील बेगमी दिवाळीची नसून आगोटीची असते. मे महिन्याच्या कडक उन्हात तांदूळ, कडधान्ये, मिरच्या, आमसुले वाळवून, भाताचे गवताने आवळलेले मुडे बांधून, कडधान्य राखेत घोळून पहिल्या पावसाच्या आत सारे बंद करावयाचे, हा तेथील शिरस्ता. पुढचे चार महिने दमट आहेत हे गृहीत धरूनच ही साठवण होते. अड्यारची दिवाळी ही हवामानाच्या हिशेबाने आगोट आहे. तेथे राहणाऱ्या देशावरच्या कुटुंबाने देशावरची रीत सोडून कोकणाची धरावी, एवढे एकच तत्त्व पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी आहे.

किडींचा हिशेब

साठवणुकीतील किडींच्या तापमान व आर्द्रतेच्या मर्यादांचा अभ्यास ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हाऊ यांनी केला व १९६५ मध्ये त्याचा सारांश प्रसिद्ध केला. आजही तो प्रमाण मानला जातो. त्यातील काही आकडे आपल्या विषयाशी थेट भिडतात.

सोंडे, म्हणजे सिटोफिलस ओरायझी, ही ज्वारी, तांदूळ व गव्हावरील मुख्य कीड. तिची वाढ होण्यास किमान १७ अंश तापमान आणि किमान ६० टक्के आर्द्रता लागते. २६ ते ३१ अंश तापमान तिला सर्वांत मानवते. म्हणजे पुण्याच्या जानेवारीत रात्रीची थंडी तिला रोखते आणि दिवसाची कोरडी हवाही रोखते. अड्यारच्या नोव्हेंबरात या दोन्ही अडचणी दूर होतात. मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते बुजवून टाकते. पुढील अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात. बाहेरून दाणा अखंड दिसतो. चाळणे, पाखडणे, निवडणे यांनी फक्त प्रौढ सोंडे निघतात. आतली पिढी तशीच राहते आणि अनुकूल हवेत सुमारे चार आठवड्यांत बाहेर पडते. ‘परवाच निवडले होते, आज पुन्हा निघाले’ या गृहिणीच्या वाक्याचे हेच स्पष्टीकरण आहे.

अनुकूल परिस्थितीत सोंड्यांची संख्या २८ दिवसांत जास्तीत जास्त सुमारे २५ पट होऊ शकते, असा हाऊ यांचा अंदाज आहे. चार माणसांच्या घरात एक वेळ भाकरी होत असेल, तर रोज अर्धा किलो या हिशेबाने महिन्याला १५ किलो ज्वारी लागते. कुटुंबाने दोन महिन्यांसाठी ३० किलोंचा कट्टा भरला आणि त्यात अवघे दहा सोंडे असले, तर ते कोणाच्याही नजरेस पडणार नाहीत. पहिल्या चार आठवड्यांअखेर ते अडीचशे होतील, तेव्हाही घरात थोडीशीच कुरबुर होईल. आठव्या आठवड्याच्या अखेरीस हा आकडा सव्वासहा हजारांवर जातो. अर्थात ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात रोजच्या वापरात काही किडी धान्याबरोबर निघून जातात, काही मरतात आणि पावसाळी दिवसांत तापमान २५ अंशांच्या आसपास राहिल्यास वेग थोडा मंदावतो. तरीही हिशेबाची चाल लक्षात घेण्याजोगी आहे : नुकसान पहिल्या महिन्यात जवळपास दिसत नाही व दुसऱ्या महिन्यात आवरत नाही. साठा पाच-सहा आठवड्यांपुरता मर्यादित ठेवावा असे सुचविताना नेमकी हीच चाल डोळ्यांसमोर आहे.

अख्ख्या कडधान्यावरील भुंगेरे, म्हणजे कॅलोसोब्रुकस कुळातील किडी, यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची लागण शेतातच, शेंगेवर घातलेल्या अंड्यांपासून सुरू होते. प्रौढ भुंगेरा धान्य खात नाही. तो फक्त अंडी घालतो आणि थोड्या दिवसांत मरतो. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके ही त्याची अंडी होत. मूग, चवळी, हरभरा घेताना मूठभर दाणे काळ्या कापडावर पसरून पाहण्याऐवजी हातात घेऊन एकेका दाण्याची साल निरखावी; ठिपका दिसला की पुढचे सारे चित्र समजते. साल काढलेल्या डाळीत ही कीड अख्ख्या कडधान्याच्या मानाने पुष्कळ कमी वाढते. म्हणून दमट हवेत लांब मुदतीचा साठा करायचाच असेल, तर अख्ख्या मुगापेक्षा मुगाची डाळ अधिक सोयीची.

पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, हा अखंड दाण्यावर सहसा जगत नाही. त्याला पीठ, रवा, भरडा किंवा सोंड्यांनी कुरतडलेला चुरा लागतो. महिन्याकाठी त्याची वाढ सोंड्यांहूनही कितीतरी वेगाने होऊ शकते. त्यामुळे बाजरीचे पीठ दळून ठेवण्याची चूक दुहेरी महागात पडते. एक तर बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ काही दिवसांतच खवट व कडसर होते, आणि दुसरे म्हणजे ते या भुंगेऱ्याला आयते निमंत्रण ठरते. रव्यातील जाळी तांदळावरील पतंगाच्या, कॉर्सायराच्या अळीची. रवा आणल्याबरोबर मंद आचेवर भाजून ठेवण्याची मराठी घरातील सवय शास्त्रशुद्ध आहे, तिच्यात सुधारणा सुचविण्यासारखे काही नाही.

जाता जाता एक दिलासा. विदर्भ-मराठवाड्याच्या उष्ण, कोरड्या गोदामांत गव्हाला छळणारा खापरा भुंगेरा दमट किनाऱ्यावर सहसा बस्तान बसवीत नाही.

दिवाळीत काय नवे, काय जुने

धान्य पाठविणाऱ्याने व घेणाऱ्याने पिकाचे पंचांग एकत्र पाहावे. दिवाळीच्या वेळी बाजरी, मूग, उडीद, तीळ आणि खरीप भुईमूग ही नवी पिके असतात. रब्बी ज्वारी आठ महिन्यांपूर्वीची, गहू सात महिन्यांपूर्वीचा, तूर मागल्या हिवाळ्यातली. नव्या मालाचा धोका ओलाव्याचा, जुन्या मालाचा धोका दाण्यात दडलेल्या किडीचा; दोहोंना एकच उपचार लागू पडत नाही.

परतीचा पाऊस लांबला, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात काढलेली बाजरी व उडीद वरवर कोरडे वाटले तरी आतून ओले असतात. ओलावामापक हाताशी नसल्यास एक साधी चाचणी करावी. काचेच्या कोरड्या बाटलीत तिच्या एक-तृतीयांशापर्यंत धान्य घ्यावे, दोन-तीन चमचे चांगले वाळविलेले खडेमीठ बारीक करून टाकावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूस चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे. मीठ मोकळे राहिले, तरी धान्याला आणखी एक ऊन द्यावेच; कारण ही चाचणी १५ टक्क्यांची सीमा दाखविते आणि हवाबंद साठवणुकीसाठी आपल्याला १२ टक्के वा त्याखालचा ओलावा हवा आहे.

ज्वारी, गहू आणि अख्खी तूर यांना वाळवणाबरोबर किडींचा बंदोबस्त हवा. तो करण्याचे स्थळ महाराष्ट्र, आणि काळ ऑक्टोबर. ऑक्टोबरचे ऊन आपण केवळ सोसतो. धान्यरक्षणाच्या दृष्टीने ते वर्षातले दुसरे मोठे भांडवल आहे. मोकळ्या जागेत जमिनीवर चटई किंवा गवत पसरून त्यावर काळे पॉलिथीन अंथरावे, त्यावर कडधान्याचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, वरून पारदर्शक पॉलिथीन झाकून कडा दगडांनी दाबाव्यात. निरभ्र दिवशी दुपारी आतील तापमान ६० अंशांच्या घरात जाते. कडधान्यावरील भुंगेऱ्याच्या सर्व अवस्था ५७ अंश तापमानात तासाभरात मरतात. सकाळी अकरापासून चारपर्यंत धान्य असे ठेवले म्हणजे खात्रीचे काम होते. बियाण्यासाठी राखलेल्या मालावर मात्र हा प्रयोग अंदाजाने करू नये, उगवणशक्तीचा प्रश्न असतो. हेच काम अड्यारच्या गच्चीवर नोव्हेंबरात करावे म्हटले, तर सलग दोन दिवस ऊन मिळण्याची शाश्वती नाही.

पोत्यातील गोळी

येथे एका घातक प्रथेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. धान्य परगावी पाठविताना त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी चिंधीत बांधून टाकण्याचा प्रकार ग्रामीण भागात अजूनही आढळतो. हे धुरीजन्य औषध अधिकृत व प्रशिक्षित व्यक्तीनेच, हवाबंद आच्छादनाखाली, वस्तीपासून दूर वापरावयाचे आहे. राहत्या घरात ते वापरण्यास मुभा नाही.

हिशेब करून पाहा. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीचे घनफळ २८ घनमीटर भरते. एवढ्या बंद खोलीत एक ग्रॅम फॉस्फीन पसरला, तर हवेतील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २५ होते. गोदामात काम करणाऱ्यांसाठी आठ तासांची मान्य मर्यादा ०.३ आहे. म्हणजे ऐंशीपटींहून अधिक. हा वायू हवेतील ओलाव्यामुळे मोकळा होतो. पाऊस चालू असताना खिडक्या लावून घेतलेल्या सदनिकेत, लहान मुले झोपतात त्या खोलीच्या कोपऱ्यात असे पोते उभे असेल, तर काय होईल हे निराळे सांगावयास नको. प्रवासात बंद डब्यात बसलेल्या सहप्रवाशांनाही तोच धोका. या विषावर उतारा उपलब्ध नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रत्येक बैठकीत ही एक गोष्ट तरी आवर्जून सांगावी, अशी विनंती आहे.

पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर हे दोन पदार्थ त्यामानाने सौम्य समजले जातात. खाण्याच्या धान्यात पारा कोणत्याही स्वरूपात मिसळू देऊ नये. बोरिक पावडर धुऊन जाते असे म्हणतात, पण ज्वारी-बाजरी आपण दळण्यापूर्वी धूत नाही.

अड्यारला पोहोचल्यावर

धान्य घरी आल्यावर त्याचे पहिले तीन आठवडे निर्णायक असतात. शक्य असल्यास ते एक-दीड किलोच्या जाड पिशव्यांत भरून, हवा दाबून काढून, घरातील फ्रिजच्या उणे १८ अंशांच्या कप्प्यात आळीपाळीने आठवडाभर ठेवावे. पिशवीच्या गाभ्यापर्यंत गारठा पोहोचल्यावर अंडी, अळ्या व प्रौढ या सर्व अवस्था तीन-चार दिवसांत मरतात. आठवड्याची मुदत घरगुती उपकरणाच्या बेभरवशामुळे सुचविली आहे. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे किमान सहा-आठ तास बंदच राहू द्यावी, नाहीतर दमट हवेतील बाष्प थंड दाण्यांवर दवासारखे जमते आणि कीड मारण्याच्या नादात आपणच धान्य ओले करतो.

तीस किलो धान्य फ्रिजमध्ये मावणार नाही. अशा वेळी हवाबंद भांडे हाच राजमार्ग. पूर्ण वाळलेले धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या बरणीत अगदी काठोकाठ भरावे, डबा हलवून पुन्हा भरावे, जेणेकरून वर मोकळी जागा उरणार नाही. आतील किडी उरलेला प्राणवायू वापरून टाकतात, त्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास उतरले की त्यांचे खाणे व अंडी घालणे थांबते आणि दोन-तीन आठवड्यांत त्या मरतात. या काळात झाकण उघडू नये. रोज एक वाटी काढण्यासाठी उघडला जाणारा डबा हवाबंद राहत नाही. म्हणून एक मोठी कोठी ठेवण्यापेक्षा पाच-पाच किलोंचे सहा डबे ठेवावेत व एका वेळी एकच वापरात घ्यावा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कॅमेरूनमधील चवळीसाठी विकसित केलेली तीन थरांची पिशवी याच तत्त्वावर चालते : आत प्लॅस्टिकचे दोन जाड थर, बाहेर विणलेले पोते. आता अशा हवाबंद पिशव्या आपल्याकडेही मिळतात आणि थेट विक्री करणाऱ्या गटांनी त्या वापरून पाहाव्यात. ओले धान्य मात्र अशा पिशवीत भरल्यास ते आंबते.

या बाबतीत तमिळनाडूकडून घेण्यासारखेही काही आहे. तेथील खेड्यांत धान्यासाठी मातीची उंच ‘कुदिर’ आणि लाकडी ‘पत्तायम’ असे. तुरीचे दाणे तांबड्या मातीच्या काल्यात घोळून कडक वाळवून ठेवण्याची पद्धत तेथे रूढ आहे. मातीचा पातळ लेप भुंगेऱ्याच्या अंड्यांना दाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. आपल्याकडील एरंडेल तेलाचा हात हाच परिणाम वेगळ्या वाटेने साधतो : तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात. किलोमागे पाच ते दहा मिली तेल अख्ख्या मुगा-चवळीला पुरते. सोंड्यांची अळी दाण्याच्या आत असल्याने ज्वारीवर या तेलाचा फारसा उपयोग होत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण तेलाला दोष देतात. वेखंडाची पूड तमिळनाडूत बियाण्यासाठी वापरली जाते. ती बियाण्यापुरतीच ठेवावी, खाण्याच्या धान्यात मिसळू नये. कडुनिंबाचा पाला थोडाफार उपयोगी आहे, तोही पूर्ण वाळलेला. ओलसर पाला घालून धान्याला बुरशी आणल्याची उदाहरणे अधिक आढळतात.

कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तयार केलेला दाण्यात खुपसण्याचा सापळा घरोघरी असावा असा आहे. ही छिद्रे पाडलेली एक नळी असून तिच्या तळाशी निमुळते पात्र असते. किडींना मोकळ्या हवेच्या दिशेने सरकण्याची सवय असल्याने त्या छिद्रांतून आत शिरतात व तळाशी अडकतात. २५ किलोच्या डब्यात असे दोन-तीन सापळे उभे खुपसतात. त्यांनी सर्व किडी संपत नाहीत, पण डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी लागण कळते, आणि वर दिलेला पंचवीसपटींचा हिशेब पाहता दोन आठवड्यांची आगाऊ सूचना फार मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट. बाजरीला तेथे कंबू, ज्वारीला चोळम, हुलग्याला कोळ्ळू म्हणतात आणि ही तिन्ही तमिळनाडूत पिकतात. भाकरीच्या चवीसाठी मालदांडीच हवी हा आग्रह समजण्यासारखा आहे. हुलग्याच्या माडग्यासाठी साताऱ्याहून पोते नेण्याचे मात्र काही कारण नाही.

पूर आणि साठा

मग दमट हवेत साठा करूच नये काय? अड्यारला हा सल्ला देता येत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चेन्नईत एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि १ डिसेंबरच्या अतिवृष्टीनंतर चेंबरंबाक्कम तलावातून सोडलेल्या पाण्याने अड्यार नदीचे काठ बुडाले. सैदापेट, कोट्टूरपुरम व अड्यारच्या सखल भागात घरांत पाणी शिरले. दुकाने, वीज व रस्ते दिवसचे दिवस बंद राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा अनेक वस्त्या पाण्याखाली व अंधारात होत्या. ज्या महिन्यांत किडी सर्वाधिक वाढतात, नेमक्या त्याच महिन्यांत घरात दोन आठवड्यांचा शिधा असणे निकडीचे असते. त्यामुळे साठा हवाच. तो कोठे व कसा ठेवावा हा प्रश्न उरतो.

आपल्याकडे याचा धडा सांगलीजवळच्या हरिपूरने दिला आहे. तेथील जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे निर्धोक राहत असे, कारण बंद पेवात हवा शिरत नाही व कीड जगत नाही. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि हळदीची अपरिमित हानी झाली. हवाबंद साठवणीचे तत्त्व खोटे ठरले नाही, जागा चुकीची ठरली. अड्यारमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने धान्याचे डबे ओट्याखालच्या कप्प्यात न ठेवता कमरेच्या वर, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून मांडावेत. पुराच्या पाण्याने भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह टाळावा. त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. घट्ट झाकणाचा डबा बाहेरून भिजला असेल, तर तो धुऊन, पुसून, कोरडा करून मगच उघडावा. वीज जाते म्हणून फ्रिज हे कीड मारण्याचे साधन मानावे, कायमचे कोठार मानू नये. आणीबाणीच्या दोन आठवड्यांसाठी राखलेल्या शिध्यात तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मीठ व गूळ असावा. दळून आणावे लागणारे धान्य अशा वेळी कामास येत नाही, कारण गिरणीही बंद असते.

शेंगदाणे, गूळ आणि बाकीचे

शेंगदाण्याच्या बाबतीत किडीहून बुरशीची भीती मोठी. दमट हवेत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार होते, ते यकृताला घातक आहे आणि भाजण्याने वा शिजविण्याने ते पुरते नष्ट होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तृणधान्ये व कडधान्ये यांत त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. एवढे सूक्ष्म प्रमाण नजरेला किंवा जिभेला कळत नाही. म्हणून शेंगदाणे अड्यारला शक्यतो शेंगांच्या रूपातच न्यावेत, सोललेले असतील तर ओलावा सात टक्क्यांच्या आत असावा आणि ते महिन्याभरात संपवावेत. सुरकुतलेला, काळवंडलेला, हिरवट बुरशीचा किंवा कडू लागलेला दाणा टाकून द्यावा. कुटात घालून चव झाकू नये.

गूळ हवेतील पाणी ओढून पाझरतो, म्हणून ढेप फोडून लहान खडे हवाबंद बरणीत ठेवावेत. तीळ धुऊन विकत घेतले असल्यास पुन्हा वाळवावेत. धणे, हळद, मिरची यांच्या पुडीवर लॅसिओडर्मा हा बारीक तपकिरी भुंगेरा येतो. पुडी थोडी करावी, अख्खा मसाला अधिक ठेवावा. खोबरे वर्षाचे भरू नये. डिंकाची काळजी नाही.

धान्य पाठविणाऱ्यांनी प्रत्येक पिशवीवर चार नोंदी कराव्यात : वाण, काढणीचा महिना, शेवटचे ऊन दिल्याची तारीख आणि भरण्याच्या वेळचा ओलावा. दिवाळीपूर्वी एकदम तीस किलो पाठविण्याऐवजी ऑक्टोबरअखेरीस पंधरा व पोंगलनंतर पंधरा असे दोन हप्ते करावेत. जानेवारीच्या मध्यानंतर चेन्नईचा पाऊस ओसरलेला असतो, आणि त्या सुमारास मराठवाड्यातील नवी तूरही खळ्यावर आलेली असते.